नकार नेमका कोणाचा?

चित्रपटाची तबकडी संगणकाला वाचता येत नाही, एवढे एकच वाक्य हाताशी घेऊन लोक दुरुस्तीला बसतात आणि पहिल्याच पावलाला वाट चुकतात, असे माझे निरीक्षण आहे. संगणकाचा संदेश एकच असला तरी त्यामागे नकार देणारे निदान चौघे असतात. लेसरच्या किरणाला तबकडीवरील खुणा दिसत नसतील. खुणा दिसत असूनही ही कोणत्या जातीची तबकडी आहे हे ड्राइव्हला ओळखता येत नसेल. ओळख पटूनही आतला मजकूर उघड करण्याची परवानगी मिळत नसेल. किंवा सगळे काही सुखरूप हाती येऊनही त्यापासून चित्र आणि ध्वनी कसे तयार करायचे हे त्या संगणकावरील सॉफ्टवेअरला ठाऊक नसेल. या चौघांची समजूत घालण्याचे मार्ग वेगवेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर धडधाकट तबकडीही कायमची हातची जाऊ शकते. सॉफ्टवेअर नसल्यामुळे न लागणारी डीव्हीडी घासूनपुसून तिच्यावर खरे ओरखडे पाडणारी माणसे मी पाहिली आहेत.

जुन्या तबकड्या पुन्हा चालत्या करण्याचा नाद मला बरीच वर्षे आहे. हा नाद फारसा उपयोगाचा नाही, हे मला मान्य आहे. जो चित्रपट दोन मिनिटांत दुसरीकडे कुठे तरी पाहायला मिळेल त्यासाठी अख्खी दुपार घालवणे हिशेबात बसत नाही. पण अशाही अनेक तबकड्या असतात ज्यांच्यावरील आवृत्ती, उपशीर्षके किंवा दिग्दर्शकाचे निवेदन इतरत्र कुठेच मिळत नाही, आणि तेथे हा हिशेब उलटा होतो. अशा तबकडीला हात लावण्यापूर्वी करण्यासारखे बरेच काही असते.

मी प्रथम चित्रपट लावण्याचा प्रयत्न सोडून देतो आणि तबकडीवरील फायलींची यादी उघडते का, एवढेच पाहतो. डीव्हीडी असेल तर ‘व्हिडिओ टीएस’ नावाचे फोल्डर दिसायला हवे आणि त्यात तीन प्रकारच्या फायली असायला हव्यात. ‘आयएफओ’ फायलींत प्रकरणे, भाषा, उपशीर्षके यांची मांडणी असते. ‘बीयूपी’ फायली म्हणजे त्याच मांडणीची राखीव प्रत. आणि ‘व्हीओबी’ फायलींत प्रत्यक्ष चित्र व ध्वनी असतो, त्यांतली कोणतीही एक फाइल एक जीबीपेक्षा मोठी होऊ दिली जात नाही. राखीव प्रत मूळ फाइलीला अगदी खेटून राहू नये, एकाच डागाखाली दोन्ही जाऊ नयेत, याची काळजी मानक ठरवणाऱ्यांनी घेतली आहे. ब्लू-रेवर याच जागी ‘बीडीएमव्ही’ नावाचे फोल्डर असते. ही यादी नीट उमटत असेल तर लेसर, भिंग आणि मोटर यांनी निदान आपले प्राथमिक काम केले आहे, असे समजायला हरकत नाही. अर्थात ही यादी तबकडीच्या आतल्या कडेजवळ नोंदलेली असल्यामुळे बाहेरच्या भागातील ओरखड्यांबद्दल ती काहीच सांगत नाही. तिथला प्रश्न चित्रपट अर्ध्यावर अडला की मगच पुढे येतो.

यादी दिसते, फायलींचे आकार पटण्याजोगे आहेत, पण चित्रपट सुरूच होत नाही, अशी स्थिती असेल तर पहिला संशय सॉफ्टवेअरवर घ्यावा. डीव्हीडीवरील चित्र एमपेग-२ पद्धतीने आणि ध्वनी बहुधा डॉल्बी डिजिटल पद्धतीने साठवलेला असतो, आणि ते उलगडणारे घटक प्रत्येक संगणकासोबत येतातच असे नाही. विंडोज ७ च्या होम प्रीमियमसारख्या आवृत्त्यांत ते होते; २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने डीव्हीडी चित्रपट लावण्याची अंगभूत सोय काढून टाकली आणि विंडोज १० व ११ च्या मूळ संचातही ती परतली नाही. त्यामुळे जुन्या संगणकावर वर्षानुवर्षे चाललेली तबकडी नव्या संगणकावर ‘बिघडते’, आणि दोष बिचाऱ्या तबकडीच्या माथी येतो. व्हीएलसीसारखा स्वतःची उलगडण्याची सोय सोबत आणणारा मोफत प्लेअर घालून पाहिला की हा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच मिटतो.

ब्लू-रेचे प्रकरण यापेक्षा हट्टी आहे. तिच्यावरील एएसीएस नावाच्या कुलूपव्यवस्थेच्या किल्ल्या वेळोवेळी बदलल्या जातात, त्यामुळे प्लेअरचे सॉफ्टवेअर अद्ययावत केलेले नसेल तर कालपर्यंत सगळ्या ब्लू-रे लावणारा संगणक आजच बाजारात आलेली ब्लू-रे नाकारतो. अल्ट्रा एचडी ब्लू-रेने तर त्याही पुढे जाऊन संगणकाच्या प्रोसेसरमध्येच एसजीएक्स नावाचा एक बंदिस्त कप्पा असण्याची अट घातली, आणि इंटेलने अकराव्या-बाराव्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरांतून तो कप्पाच काढून टाकला. परिणाम असा की अधिकृत सॉफ्टवेअर वापरायचे झाले तर या तबकड्या जुन्या संगणकावर चालल्या आणि अधिक वेगवान अशा नव्या संगणकावर चालेनाशा झाल्या. तंत्रज्ञान पुढे गेले की जुन्या अडचणी सुटत जातात, या भाबड्या समजुतीला यापेक्षा नेमके उत्तर मला दुसरे माहीत नाही.

परवानगीचा नकार डीव्हीडीतही असतो, पण तो इतका मुका असतो की त्याला बिघाड समजणे स्वाभाविक आहे. विकत मिळणाऱ्या बहुतेक चित्रपट-डीव्हीडींवरील मजकूर सीएसएस या पद्धतीने गुंतवून ठेवलेला असतो. तो सोडवण्याच्या किल्ल्यांपैकी काही तबकडीच्या सर्वांत आतल्या भागात असतात, आणि प्लेअर व ड्राइव्ह यांनी एकमेकांची ओळख पटवल्याखेरीज ड्राइव्ह त्या किल्ल्या बाहेर देत नाही. १९९९ साली सीएसएसचा गुंता सोडवणारा डीसीएसएस (DeCSS) हा प्रोग्राम प्रसिद्ध झाला आणि ही व्यवस्था सर्वांसमोर उघडी पडली, तरी ड्राइव्हने आपला शिष्टाचार सोडलेला नाही. या शिष्टाचाराची एक नित्य दिसणारी फलश्रुती म्हणजे फायली नुसत्या ओढून केलेली प्रत. फायलींची नावे, आकार सगळे बरोबर असते, पण किल्ल्या मूळ तबकडीवरच राहिलेल्या असतात, आणि अशी प्रत कोऱ्या डीव्हीडीवर उतरवली की पडद्यावर हिरवे-गुलाबी चौकोन नाचतात किंवा काहीच दिसत नाही. अशा प्रतीला कितीही पुसले तरी ती सुधारणार नाही, कारण ती खराब झालेलीच नाही. ती मुळातच अपुरी आहे.

परवानगीचा दुसरा प्रकार विभागांचा. डीव्हीडी विकण्यासाठी जगाचे विभाग पाडले गेले: अमेरिका व कॅनडा पहिल्यात, जपान आणि युरोपचा मोठा भाग दुसऱ्यात, भारतीय उपखंड पाचव्यात, चीन सहाव्यात. २००० सालापासून बनलेल्या ड्राइव्हमध्ये हा विभाग ड्राइव्ह स्वतःच तपासतो, आणि तो वापरणाऱ्याला फक्त ५ वेळा बदलता येतो. पाचव्या बदलानंतर जो विभाग राहील तो कायमचा. ही नोंद ड्राइव्हच्या पोटात असल्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा घालून, संगणक बदलूनही तिच्यात फरक पडत नाही. परदेशातून आलेली डीव्हीडी लावताना समोर येणाऱ्या खिडकीवर विचार न करता ‘होय’ म्हणत गेलेल्या माणसाला हे पाच बदल कधी संपले तेही कळत नाही. ब्लू-रेमध्ये विभाग तीनच आहेत आणि ते ड्राइव्ह नव्हे तर प्लेअर तपासतो. अल्ट्रा एचडी ब्लू-रेमध्ये विभागच ठेवलेले नाहीत. एवढ्या आडकाठ्या घालणाऱ्यांना शेवटी विभागांचा तरी कंटाळा आला, ही गोष्ट मला सुखावते.

आता यादीच उघडत नाही, अशा तबकड्यांकडे वळू. येथे ओळखीचा प्रश्न आधी सोडवावा, कारण तो डोळ्यांनी सुटतो. सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तिन्ही तबकड्या १२० मिलिमीटर व्यासाच्या आणि १.२ मिलिमीटर जाडीच्या असतात, तिन्ही एकाच खाचेत बसतात, आणि डीव्हीडी ड्राइव्हमध्ये ब्लू-रे ठेवली तर तो थोडा वेळ धडपडून आत काहीच नसल्याचे जाहीर करतो. सीडीसाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर लागतो, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल आणि ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटरचा जांभळट निळा. ज्या ड्राइव्हमध्ये हा निळा लेसर नाही त्याच्याकडून ब्लू-रे वाचून घेण्याचा कोणताही उपाय नाही. घरी लिहिलेल्या डीव्हीडीच्या बाबतीत ओळखीचा आणखी एक घोळ असतो. लेखन संपल्यावर तबकडी ‘फायनलाइझ’ केलेली नसेल, म्हणजे लेखन पूर्ण झाल्याची शेवटची नोंद तिच्यावर केलेली नसेल, तर ती ज्या यंत्रावर लिहिली त्यावरच चालते आणि इतर ड्राइव्हना कोरी वाटते. कॅमेऱ्यात किंवा टीव्हीजवळच्या रेकॉर्डरमध्ये लिहिलेल्या तबकड्यांत हे फार आढळते, आणि मूळ यंत्र अजून चालत असेल तर तबकडी त्यात घालून ती एक क्रिया पूर्ण करणे हा सरळ उपाय असतो.

आणि मग तबकडीचे शरीर. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेटच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून केलेली वस्तू असते, आणि मजकूर त्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो. तो आतून बाहेर उलगडत जाणाऱ्या एका सर्पिल रेषेवर सूक्ष्म खळग्यांच्या रूपात कोरलेला असतो. या रेषेच्या दोन वेढ्यांत ०.७४ मायक्रोमीटर अंतर असते आणि सर्वांत लहान खळग्याची लांबी असते ०.४ मायक्रोमीटर. सीडीत हीच मापे १.६ आणि ०.८३ होती. इतक्या बारीक लिखाणावर बोटाचा ठसा उमटूनही तबकडी चालते याचे मला पूर्वी फार नवल वाटे. त्याचे कारण असे की लेसरचा किरण पृष्ठभागावर एकवटलेला नसतो. डीव्हीडीच्या पृष्ठभागात शिरताना त्याचा झोत सुमारे अर्धा मिलिमीटर रुंद असतो आणि आत, खळग्यांवर पोहोचल्यावर तो टोकदार होतो. खिडकीच्या जाळीतून दूरच्या झाडाकडे पाहताना जाळी नजरेतून निसटते, तसे पृष्ठभागावरील बारीक ओरखडे आणि धूळ या झोताच्या दृष्टीतून निसटतात. ब्लू-रेचा मजकूर मात्र पृष्ठभागाखाली अवघ्या ०.१ मिलिमीटरवर आहे, तेथे हा झोत पृष्ठभागावरही मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढाच असतो, आणि म्हणूनच त्या तबकडीला मुळातच कठीण संरक्षक लेप द्यावा लागला.

जे ओरखडे झोतालाही अडवतात त्यांच्यासाठी दुसरी तटबंदी असते ती गणिताची. डीव्हीडीवर २०४८ बाइटचा एकेक सेक्टर, म्हणजे मजकुराचा ठरावीक मापाचा तुकडा, सुटा ठेवलेला नसतो; १६ सेक्टर एकत्र घेऊन त्यांचा आडव्या-उभ्या ओळींचा तक्ता मांडतात आणि प्रत्येक ओळीला व प्रत्येक स्तंभाला रीड-सॉलोमन पद्धतीचे जादा बाइट जोडतात. काही बाइट हरवले तर उरलेल्यांवरून ते पुन्हा काढता येतात. या सोयीमुळे सर्पिल रेषेवरचा साधारण ६ मिलिमीटर लांबीचा सलग तुकडा नाहीसा झाला तरी मजकूर अचूक मिळतो. यातील ‘रेषेवरचा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मध्यापासून कडेकडे जाणारा सरळ ओरखडा कितीही भयंकर दिसला तरी प्रत्येक वेढ्याला तो फक्त आपल्या रुंदीएवढा छेदतो आणि गणित त्याला सहज पचवते. उलट वेढ्याच्या दिशेने वळत गेलेला, दिसायला निरुपद्रवी असा बारीक ओरखडा एकाच वेढ्यावर कित्येक मिलिमीटर चालतो आणि सगळी तटबंदी मोडून काढतो. तबकडी पुसताना हात गोल फिरवू नये, मध्यापासून कडेकडे सरळ न्यावा, ही जुनी सूचना याच हिशेबातून आली आहे. ती सर्वत्र छापलेली असते आणि जवळपास कोणीच पाळत नाही.

चित्रपट नेमका कुठे अडतो, यावरूनही बरेच काही कळते, आणि या निदानाकडे लोक दुर्लक्ष करतात याचे मला आश्चर्य वाटते. एकथरी डीव्हीडीत, म्हणजे ४.७ जीबीच्या, मजकूर आतल्या कडेपासून सुरू होऊन बाहेर जातो. तेथे सुरुवातीचा अडथळा म्हणजे आतल्या भागाची इजा आणि शेवटचा अडथळा म्हणजे बाहेरची. पण विकत मिळणाऱ्या लांब चित्रपटांच्या तबकड्या बहुधा दोन थरांच्या, ८.५ जीबीच्या असतात. त्यांत लेसर पहिला थर आतून बाहेर वाचतो, बाहेरच्या बाजूला पोहोचल्यावर भिंगाची नजर पन्नासएक मायक्रोमीटर खोल वळवतो आणि दुसरा थर बाहेरून आत वाचत परत येतो. म्हणजे अशा तबकडीवर चित्रपटाचा मध्य बाहेरच्या भागात असतो, जिथे आपण ती दोन बोटांनी धरतो. चित्रपट मध्यावरच अडखळत असेल तर बाहेरच्या कडेचे ठसे आधी पुसावेत. ते नसतील तर ड्राइव्हला थर बदलणे जमत नाही असा अंदाज बांधता येतो. अडखळण्याच्या जागा दोन असतील, एक सुरुवातीच्या थोडी पुढे आणि एक शेवटाच्या थोडी आधी, तर त्या दोन्हींचे कारण तबकडीवरची एकच जागा असू शकते, दोन्ही थरांच्या खाली पसरलेली.

पुसण्यासाठी मऊ, धागे न सोडणारे कापड आणि साधे पाणी पुष्कळ असते. चिकट डागाला साबणाचा थेंब किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. अॅसिटोन किंवा थिनर यांनी पॉलिकार्बोनेट धुरकट होते आणि मग काहीच करता येत नाही. टूथपेस्टचा प्रसिद्ध उपाय मी सरसकट थोतांड मानत नाही, कारण तिच्यातील बारीक घासकण ओरखड्याच्या कडा खरोखर बोथट करतात. पण तो शेवटचा उपाय आहे, डीव्हीडी किंवा सीडीच्या खालच्या बाजूपुरताच आहे, आणि ब्लू-रेवर तो करणे म्हणजे तिचा लेप स्वतःच्या हाताने खरवडणे होय. सीडीच्या वरच्या, छापील बाजूला तर घासणेच नको, कारण तिचा परावर्तक थर त्या बाजूच्या पातळ लाखेखालीच असतो आणि तिथे गेलेला मजकूर कोणत्याही पॉलिशने परत येत नाही.

पृष्ठभाग आरशासारखा स्वच्छ असूनही तबकडी नाकारली जाते तेव्हा दोन जागा पाहाव्यात. पहिली मधल्या भोकाची कड. डबीतल्या घट्ट खुंटीतून तबकडी वाकवून काढण्याच्या सवयीने तिथे केसाएवढी चीर पडते, आणि ती सर्वांत आतल्या वेढ्यांपर्यंत पोहोचली की चित्रपटाचा सगळा मजकूर शाबूत असूनही ड्राइव्हला तबकडीची ओळखपत्रेच सापडत नाहीत. अशी तबकडी वेगाने फिरवूही नये. ती फुटून तुकडे ड्राइव्हमध्ये विखुरू शकतात. दुसरी जागा म्हणजे दोन चकत्यांमधला सांधा आणि परावर्तक थर. तो थर रासायनिक बदलाने मंदावला तर प्रकाशासमोर धरल्यावर ढगाळ डाग किंवा टाचणीएवढी छिद्रे दिसतात, आणि त्याला घरगुती उपाय नाही. हा दोष वापरणाऱ्याच्या हयगयीचाच असतो असेही नाही: २००६ ते २००८ या काळात बनलेल्या आपल्या काही डीव्हीडींत असा प्रश्न असल्याचे वॉर्नर ब्रदर्सने २०२५ साली मान्य केले आणि त्या बदलून देण्याची तयारी दाखवली. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत खळगे नसून रंगद्रव्यावर उमटलेल्या खुणा असतात, आणि ऊन व उष्णता यांनी ते रंगद्रव्य फिके पडते. तिथे जितक्या लवकर वाचन होईल तितके बरे.

इतके सगळे तबकडीबद्दल झाले, पण निम्म्या वेळा आरोपी ड्राइव्ह असतो. एकच तबकडी दोन ड्राइव्हमध्ये आणि एकाच ड्राइव्हमध्ये दोन-तीन जातींच्या तबकड्या घालून पाहणे, ही अदलाबदल कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा अधिक खरे बोलते. सीडी वाचली जाते आणि डीव्हीडी नाही, यावरून ड्राइव्ह ठीक असल्याचा निष्कर्ष काढू नये, कारण दोन्हींचे लेसर वेगळे असतात आणि एक थकून दुसरा ठणठणीत राहू शकतो. त्याहून फसवी स्थिती म्हणजे एकथरी डीव्हीडी वाचली जाते पण चित्रपटाची वाचली जात नाही. मानकाप्रमाणे एकथरी तबकडीने लेसरचा ४५ ते ८५ टक्के प्रकाश परत करावा अशी अपेक्षा असते, तर दोन थरांच्या तबकडीकडून १८ ते ३० टक्केच. म्हणून म्हाताऱ्या होत चाललेल्या लेसरला चित्रपटाच्या तबकड्या सर्वांत आधी जड जातात. भिंगावरची धूळही हेच करते. लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हमध्ये ताट बाहेर आले की भिंग समोरच दिसते, आणि रबरी फुंकणीने हवा मारून किंवा अल्कोहोलने जेमतेम ओलसर केलेल्या कापसाने अलगद टिपून ते साफ होते. बाहेरून जोडायच्या ड्राइव्हमध्ये वीज हा वेगळाच विषय आहे: यूएसबी २.० चे तोंड ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० चे ९०० मिलिअँपिअर देण्यास बांधील असते, तर तबकडीला वेग देताना ड्राइव्ह त्याहून अधिक मागू शकतो. एका तोंडाची अनेक तोंडे करणाऱ्या हबमधून काढून तो थेट संगणकाला जोडला की ‘खराब’ तबकडी वाचली जाते, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की आता तबकडी पुसण्याआधी वायर पाहतो. ड्राइव्ह मुळात संगणकाच्या उपकरणांच्या यादीतच नसेल किंवा त्याच्यावर पिवळा त्रिकोण असेल, तर विंडोजमध्ये एखाद्या जुन्या लेखन-सॉफ्टवेअरने मागे ठेवलेल्या ‘अपरफिल्टर्स’ व ‘लोअरफिल्टर्स’ या नोंदी अनेकदा कारणीभूत असतात. त्या काढण्याआधी रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीची, प्रत ठेवावी, एवढेच त्याबद्दल पुरे.

टीव्हीजवळच्या प्लेअरवर लागणारी तबकडी संगणकावर का लागत नाही, या प्रश्नाचे उत्तर स्वभावात आहे. तो प्लेअर चित्रपट दाखवण्यासाठी बनलेला असतो. तो सावकाश फिरवतो, एखादा तुकडा नाही मिळाला तर चित्र क्षणभर फाटू देतो आणि पुढे सरकतो. संगणकाचा ड्राइव्ह तबकडीला मजकुराचे कोठार समजतो, एक सेक्टर चुकला तरी तो पुनःपुन्हा मागत बसतो, वेगही वाढवलेला असतो, आणि शेवटी सगळेच काम नाकारतो. काही निर्मात्यांनी या फरकाचाच शस्त्रासारखा वापर केला. सोनीच्या आर्कोस या पद्धतीत तबकडीवर मुद्दाम सदोष सेक्टर पेरलेले असतात. चित्रपटाच्या वाटेवरून जाणारा प्लेअर त्यांच्याकडे फिरकतही नाही, पण तबकडी सलग वाचणारा संगणक त्यांवर आपटतो आणि निर्मळ तबकडीबद्दल वाचनदोषाची तक्रार करतो.

खरोखर जखमी तबकडीवरून मजकूर वाचवायचा तर मी जीएनयू डीडीरेस्क्यू वापरतो. स्वतःच्या तबकडीची प्रत करण्याबाबतचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत आणि ते ज्याने त्याने पाहावेत. हा प्रोग्राम अडलेल्या जागी हट्ट धरत नाही. आधी सोपे ते सगळे उचलतो, नंतर अवघड जागांच्या कडा कुरतडत आत जातो, सांगितले तर उलट दिशेनेही वाचतो, आणि काय मिळाले व काय राहिले याचा नकाशा एका वेगळ्या फाइलीत लिहीत जातो. त्याला सेक्टरचे माप २०४८ बाइट असल्याचे सांगावे लागते आणि ड्राइव्हचा वेग कमी केलेला बरा. मात्र सीएसएसची तबकडी प्लेअरमध्ये एकदा उघडून ओळखीचा सोपस्कार उरकलेला नसेल, तर ड्राइव्ह परवानगीअभावी सेक्टर नाकारतो आणि तो नकार नकाशात सरळ खराब जागा म्हणून नोंदला जातो. तबकडीवर एकही ओरखडा नसताना नकाशा जखमांनी भरलेला दिसतो, आणि नकार देणारा कोण हे आधी न पाहिल्याची किंमत अख्ख्या रात्रीच्या निरर्थक वाचनाने मोजावी लागते.

सगळे नीट झाले तरी काही सेक्टर उरतातच. त्यांचा अर्थ पडद्यावर काय होतो हे पाहून थांबायचे की नाही ते मी ठरवतो. एमपेग-२ मध्ये प्रत्येक चित्र स्वतंत्र नसते, बरीच चित्रे आधीच्या-नंतरच्या चित्रांवर आधारलेली असतात. त्यामुळे हरवलेल्या २०४८ बाइटांचा डाग पुढचे पूर्ण चित्र येईपर्यंत, साधारण अर्धा सेकंद, पडद्यावर राहतो. एका दृश्यातील अर्धा सेकंद मला चालतो. तोच सेक्टर ‘आयएफओ’ फाइलीत असेल तर सगळा मेनू कोसळतो, पण तेव्हा ‘बीयूपी’ची प्रत त्या जागी ठेवता येते. अपुरी प्रत आणि तिचा नकाशा मी दोन्ही जपून ठेवतो, कारण दुसऱ्या बनावटीचा ड्राइव्ह हाती आला की त्याच नकाशावरून त्याच्याकडे फक्त राहिलेले सेक्टर मागता येतात, आणि एका ड्राइव्हने ठामपणे नाकारलेले सेक्टर दुसरा कोणतीही कुरकुर न करता देतो, असे अनेकदा घडते.